दहा बाय बाराची स्ट्रॉबेरी

बोरीवलीत मे महिन्यात स्ट्रॉबेरी पिकवणारा माणूस जगात एकच आहे आणि तो मी आहे. हे फुशारकीने सांगत नाही, नाइलाजाने सांगतो. दुसरा कोणी असता तर त्याच्याकडूनच वदवून घेतलं असतं. आमच्या सोसायटीत माझं बोलणं पाऊणभाग वजा करून ऐकायची पद्धत आहे. मी जिन्यात साप निघाला म्हटलं की लोक गांडूळ शोधायला लागतात. तरीही जसं घडलं तसं सांगतो. हवा तर पाऊणभाग वजा करा. उरेल तेही पुष्कळ आहे.

आमची इमारत चार मजली, नॅशनल पार्कच्या इतकी जवळ की पार्कातल्या बिबळ्याला शिंक आली तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. मी तळमजल्यावर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, मातीचा एक तुकडा आहे. दहा बाय बारा फूट. अख्ख्या सोसायटीत लादी, फरशी किंवा सिमेंट नसलेली एवढीच जागा. कागदोपत्री ती सोसायटीची. पण पंधरा वर्षं तिच्यात माझं अळू, माझ्या मिरच्या आणि मूड लागला तर माझ्या दोन भेंड्या.

माझे वडील गिरणीत होते. आम्ही सातजण ज्या खोलीत वाढलो ती पण दहा बाय बाराचीच, त्यामुळे दहा बाय बारात काय काय मावतं हे मला कोणी शिकवायला नको. मात्र त्या खोलीत माती नव्हती. माती ही वर्षातून एकदा, मे महिन्यात, वेंगुर्ल्याकडच्या गावी जाऊन बघायची वस्तू होती. म्हणून हा तुकडा मी जपला. इमारत विकली तरी चालेल, तुकडा नाही, असं मी उघड बोलायचो. इमारत माझी नव्हती, तो भाग वेगळा.

तर डिसेंबरात सोसायटीची सभा भरली आणि आमच्या सेक्रेटरींनी त्या तुकड्यालाच हात घातला.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त सरकारी कारकून, मूळचे मराठवाड्यातले. माणूस फूटपट्टीसारखा सरळ. सकाळी जिन्यात भेटलो की मी जय भीम म्हणायचं, त्यांनी दोन्ही हात जोडायचे, हे बारा वर्षांत कधी चुकलं नाही. मात्र त्यांनी कधी विनोद केल्याचं कोणाला आठवत नाही. केलाच असेल तर तो आधी इतिवृत्तात लिहून, मंजूर करून घेऊन मग केला असेल.

"मागची जागा वाया चाललीय," ते म्हणाले. "पेव्हर ब्लॉक टाकू. सहा स्कूटर उभ्या राहतील."

"वाया?" मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून मला थाप मारता येत नाही. "अहो साहेब, तिथे स्ट्रॉबेरी होणार आहे. साधीसुधी नाही. बारमाही."

"कुठे?"

"इथे. बोरीवली पूर्वेला. पश्चिमेला नाही होणार, तिकडे खारं वारं लागतं."

चौथ्या मजल्यावरच्या काकू पदराआड हसल्या. "गेल्या वर्षी काजू होणार होते ना हो, भाऊजी?"

"काजूला इथली हवा मानवली नाही."

"बारमाही म्हणजे मे महिन्यातसुद्धा?" सेक्रेटरींनी पेन उघडलं.

"मे महिन्यात तर सगळ्यात जास्त," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. तोवर मी स्ट्रॉबेरीचं झाड डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. आदल्या रात्री मोबाइलवर एक फोटो पाहिला होता, इतकंच.

"या सभेत थापा चालायच्या नाहीत," सेक्रेटरी म्हणाले आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सभा. सदर जागेच्या मातीत वाढलेली किमान एक पिकलेली स्ट्रॉबेरी सभासदांनी झाडावर प्रत्यक्ष पाहिली, तर जागा बागेसाठी कायम. न पाहिल्यास सोमवारी पेव्हर ब्लॉक. सही करा.

मी केली. खाली दोन रेघा ओढून केली.

दुसऱ्या दिवशी हायवेलगतच्या नर्सरीत गेलो. नर्सरीवाला खाटेवर आडवा होता. "बारामाही मंगता है ना? ये लो. बारा महिना फल देगा."

"मुंबई में?"

"अब मेरे को क्या मालूम साब मुंबई में. पौधे को मालूम." मग जरा दया आली असेल, उठून बसला. साधी स्ट्रॉबेरी थंडीत एकदा फळते आणि गप्प बसते, ही जात दिवस लहान की मोठा ते बघत नाही, फुलतच राहते, मात्र उन्हाचा पारा चढला की रुसते, असं त्याने सांगितलं. "छाँव में रखना. बाकी ऊपरवाला."

मी बारा रोपं घेतली. घरी आल्यावर बायकोने बाराही रोपांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि एक कुंडी उचलून खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली.

"ही कशाला?"

"तुमच्या हाताखाली बाराच्या बारा कशाला मारायची? एक जगूदे बिचारी."

अकरा रोपं मी तुकड्यात लावली. आणि खरं सांगतो, जानेवारीत ती अशी फुलली की विचारू नका. पांढरी शुभ्र फुलं, मध्ये हळदीचा ठिपका. मग फळं. बुलबुल यायला लागले. खारी यायच्या त्या मांजरीएवढ्या. एकदा माकडांची टोळी पार्कातून निघून भिंतीवर रांगेत बसली, पुढचं माकड फळाकडे बघून मागच्याला काहीतरी सांगत होतं. मी फळं काढून सगळ्या मजल्यांवर वाटली. काकूंनी एक तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "जानेवारीत काय हो, सिग्नलवर पण मिळतात. मे महिन्यात दाखवा."

ते मला लागलं. खाणारा माणूस खातो आणि वर तारीख बघतो! मी ठरवलं, आता झाडांना असा खुराक द्यायचा की मे महिना झाडांना घाबरला पाहिजे.

खुराक कसला द्यायचा हा प्रश्नच नव्हता. आमच्या रक्तातच आहे तो. वडील मे महिन्यात गावी पोचले की अंगावरचा प्रवासाचा शर्ट न काढता पहिलं काम करायचे ते माडांचं. प्रत्येक माडाच्या आळ्यात ओंजळभर जाडं मीठ आणि मासळीची घाण. आणि नारळ लागायचे ते असे की एक पडला तर शेजारच्या वाडीतली माणसं भूकंप समजून बाहेर यायची. जे माडाला चालतं ते चार इंचाच्या झाडाला नाही चालणार? उलट झाड लहान, म्हणजे लवकर भिनेल. हे गणित मला इतकं सरळ वाटलं की मी कोणालाच विचारलं नाही.

वर्सोव्याला एक कोळीण आहे. माझं खारं तिच्याकडूनच येतं, गेली वीस वर्षं. तिच्याकडे गेलो आणि खारे बांगडे ज्या पिंपात मुरवतात त्या पिंपातलं पाणी मागितलं.

"पानी कोन नेतं रं?" ती म्हणाली. "म्हावरा ने ना!"

"झाडांना घालायचंय."

"कंच्या झाडाना? माडाला?"

"स्ट्रॉबेरीला."

ती हातातली सुरी खाली ठेवून हसली. "बायकोला इचारून आलास का?"

मी कॅन भरून घेतला. येताना रिक्षावाल्याने गोरेगावपर्यंत नाकाला रुमाल लावला आणि पुढे रुमालही काढून टाकला, कारण रुमालालाच वास यायला लागला होता. घरी बायको खिडकीतून ओरडली. एरवी ती माझ्याशी मराठीत बोलते, पण डोकं फिरलं की मालवणी सुरू होते. "ह्यां पाणी माज्या खिडकीच्या बाजूक पण आणू नकात! त्या एका कुंडयेक हात लावलास तर बघा!"

नाही लावला. तिच्या कुंडीला ती तांदळाचं धुवण घालायची. फक्त अकरा रोपांना बांगड्याचं पाणी घातलं, आणि वर प्रत्येकी मूठभर जाडं मीठ, वडिलांच्या पद्धतीने. दर रविवारी. दर रविवारी एक कॅन.

पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जास्त भाजलेल्या पापडासारख्या. मी ओळखलं, झाडांना चटक लागली, आता यांना आणखी हवंय. मीठ वाढवलं. मग मातीवर पांढरी साय धरली. सकाळच्या उन्हात ती चमकायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने विचारलं, हे पांढरं काय? मी म्हटलं, हिमकण. महाबळेश्वरला दव गोठतं ना, तसं. स्ट्रॉबेरी स्वतःची हवा स्वतः तयार करते. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता सोसायटीतले चौघेजण स्वेटर घालून बघायला आले होते. पाऊणभाग वजा केलात तरी एकजण आला होता, आणि स्वेटर होता.

एप्रिल संपता संपता अकराच्या अकरा रोपं गेली. काही दिवस मी लोकांना ती समाधी लावून बसल्याचं सांगितलं. पण रात्री अंथरुणावर पडलो की मला पेव्हर ब्लॉक दिसायचे. लाल, करडे, एकात एक अडकवलेले. मी कडेला बसून मिरची लावतोय आणि बोटाला सिमेंट लागतंय.

आणि इकडे खिडकीत ती एक कुंडी.

ती खिडकी उत्तरेची, आमच्याच इमारतीची सावली दिवसभर. आत ओट्यावर पाण्याचा माठ, तो घामेजायचा आणि त्याचा गारवा ग्रिलपर्यंत जायचा. एप्रिलच्या सुरुवातीला तिला एकच फूल आलं होतं. मधमाशी खिडकीपर्यंत येईना, तेव्हा बायको रोज भाजी फोडणीला टाकून झाली की जाता जाता त्या फुलाला बोटाने टिचकी मारायची. दार वाजवावं तशी. तिला परागकण वगैरे काही माहीत नव्हतं. जाग आहे का बघते, म्हणायची. त्या फुलाचं फळ धरलं. सुपारीएवढं. सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ते लाल झालं.

मी कुंडीकडे बघत उभा राहिलो. बायको मागे उभी होती. बत्तीस वर्षांत तिला माझं डोकं माझ्या आधी कळतं.

"न्या," ती म्हणाली. "पण परत आणा. आणि तिथलं पाणी घालू नका तिला."

शनिवारी दुपारी अख्खी सोसायटी जेवून झोपली होती. मी तुकड्यात खड्डा केला, कुंडी काठापर्यंत पुरली, काठावर माती पसरली, पानं नीट मांडली. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. अप्रतिम. मलाच वाटायला लागलं की ती तिथेच उगवलीय.

रविवारी संध्याकाळी प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या बाजूलाच मांडल्या. सगळे आले. सगळ्यांनी बघितलं. मे महिना, अंगाची लाही, आणि मातीतून आलेल्या झाडावर एक लालबुंद स्ट्रॉबेरी. काकू खुर्ची उचलून पुढच्या रांगेत येऊन बसल्या. सेक्रेटरी गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चष्मा वर केला, खाली केला. फळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग सरळ उभे राहिले.

"सभासदहो," ते म्हणाले, "डिसेंबरच्या सभेत मी यांना थापा मारू नका म्हणालो. ते नोंदलेलं आहे. मी चुकलो. ते शब्द मी मागे घेतो." आणि त्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

टाळ्या पडल्या. जागा माझी झाली होती. मला फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवण्यात मी कधी कमी पडलेलो नाही. पण हा माणूस बारा वर्षं रोज सकाळी जिन्यात तसेच हात जोडत आला होता आणि आज माझी माफी मागत होता, तीही एका पुरलेल्या कुंडीसमोर. काय झालं कोण जाणे, माझं तोंड माझ्या परवानगीशिवाय उघडलं.

"साहेब, ही इथे वाढलेली नाही. बायकोच्या खिडकीतली कुंडी आहे. काल दुपारी मी पुरली."

मग हास्याचा असा स्फोट झाला की भिंतीवरचं मांजर पळालं.

"घ्या, आता नवीन!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "खिडकीत म्हणे! मे महिन्यात खिडकीत स्ट्रॉबेरी! भाऊजी, निदान पटेल असं तरी बोला."

"अहो काकू, खरंच सांगतोय."

"काका, ही तुमची आजवरची सगळ्यात भारी," तिसऱ्या मजल्यावरचा म्हणाला. हिमकणवाला.

खिडकीतून बायको ओरडली, "खरां बोलतत ते!"

"वहिनी पण सामील!" सगळे पुन्हा हसले.

सेक्रेटरी हसत नव्हते. ते खाली बसले. झाडाभोवतीच्या मातीत बोटं घातली, कुंडीचा काठ चाचपला. मग हात बाजूला, माझ्या हिमकणांकडे नेला. पांढरी साय नखाने खरवडली, चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली.

"मीठ," ते म्हणाले.

हसणं थांबलं.

"काय घातलंत?"

"खाऱ्या बांगड्याचं पाणी."

"किती?"

"थोडं."

"नेमकं किती?"

"दर रविवारी एक कॅन. फेब्रुवारीपासून. वर मीठ पण. माडाला घालतात म्हणून."

ते तिथेच मातीवर बसले, पांढऱ्या पँटसकट. "आमच्याकडं कॅनॉल आला," ते म्हणाले, आणि त्यांचं कारकुनी मराठी कुठच्या कुठे गेलं. "सगळ्यास्नी वाटलं आता सोनं पिकंल. पाणी सोडलं, नुसतं सोडत गेले. चार वर्सांत वडलांचं दीड एकर रान खारावून चोपण झालं. आसंच पांढरं. लोक म्हणले, सोडून द्या आता त्ये. वडलांनी चर खणले आन् धुवून काढलं. रोज सकाळी माती जिभेवर ठिवून बघायचे. मी शाळेला जाताना बघायचो." मग ते उठले, पँट झटकली, आणि पुन्हा सेक्रेटरी झाले. "अट पूर्ण झालेली नाही. तशी नोंद करतो."

कोणीतरी मागून म्हणालं, मग उद्या पेव्हर ब्लॉक.

"नाही," सेक्रेटरी म्हणाले. "बिघडवलेली माती झाकून टाकायची नाही. आधी ती धुवायची. धुतल्यावर जागेचं काय ते ठरवू."

"पण धुवायला किती दिवस लागतील?" काकूंनी विचारलं.

"ते मातीला विचारावं लागेल. बोअरचं पाणी वापरायचं. टँकरचा थेंबही नाही." मग माझ्याकडे बोट. "आणि हे धुतील."

हात वर झाले. काकूंचा सुद्धा, जरा उशिरा. सेक्रेटरींनी स्वतःच कुंडी उकरून काढली, बाहेरची माती पुसली आणि खिडकीच्या ग्रिलवर नेऊन ठेवली. बायकोने ती आत ओढली, फळ खुडलं आणि सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आंबट," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. रात्री ताट वाढताना मात्र ती हसत होती. "उभ्या आयुष्यात एकदा खरां बोललास, तां पण कोणाक पटूक नाय."

सोमवारी सकाळी सहा वाजता मी दार उघडलं तर सेक्रेटरी लुंगी-बनियनवर, हातात फावडं घेऊन उभे. फावडं कुठून आणलं विचारलं तर म्हणाले, गावाकडचं आहे, पलंगाखाली असतं. मुंबईत तीस वर्षं पलंगाखाली फावडं ठेवून झोपलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्यांनी तुकड्याच्या मधून गटारापर्यंत वीतभर खोल चर काढला. मी बोअरच्या नळाखाली बादल्या भरल्या. पार्काच्या डोंगराचं पाणी, गोडं. पाणी मातीवर फिरायचं, पांढरं खाली घेऊन जायचं आणि चरातून गढूळ होऊन बाहेर पडायचं. पहिल्या सकाळी मी दोनशे बादल्या ओतल्या. सेक्रेटरी म्हणतात चाळीस. त्यांनी लिहून ठेवलंय, म्हणून मी वाद घालत नाही.

तेव्हापासून हेच चाललंय. सोसायटीत मी आधीच सांगून टाकलंय की पुढच्या मे महिन्यात इथे इतकी स्ट्रॉबेरी होईल की जिन्यातून चढताना पाय घसरतील. काकू म्हणतात, खिडकीत का? रोज सकाळी मी बादल्या ओततो आणि रविवारी सेक्रेटरी येतात, चष्मा कपाळावर सरकवतात, मातीची चिमूट जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटतात. मी श्वास रोखून उभा असतो. खरंच रोखून, यात वजा करायला काही नाही.

"अजून," ते म्हणतात.

मी बादली उचलतो.